आउटडोअर वस्ती

"एकोणीस दाखवतंय. मला अठराच लागतं," सबनीस बाई शालीतून बोट काढून एसीकडे दाखवत म्हणाल्या. बाहेर पन्नास होतं.

मेकॅनिक वासुदेव नन्नावरे आउटडोअर वस्तीत राहायचा. टॉवरमधल्या एसींची गरम हवा पाइपांनी तिथं सोडायचे, म्हणून वस्तीला ते नाव पडलं आणि सरकारी कागदावरही तेच चढलं.

मशीन ठणठणीत होतं. या घराचा पाइप त्याच्याच दारात उघडायचा. तान्ह्या पोरीच्या अंगावर फोड आले म्हणून बायकोनं सकाळी त्यात गोधडी कोंबली होती.

"पाइप पुढं कोंदलाय," तो म्हणाला.

"तुमच्या त्या लोकांचेच धंदे. माजलेत नुसते! आत्ताच्या आत्ता मोकळा करा."

त्यानं बायकोला फोन लावला. "शेवंता, गोधडी काढ अन् पोरीले पाइपासमोर धर."

"येडे झाले का तुम्ही?"

"धर म्हणतो ना."

मग त्यानं मशीनचा वॉल्व्ह उलटा फिरवला. फोनवर शेवंता एकदम हसली. इकडे बाईंनी शाल भिरकावली.

"अहो, गरम हवा येतेय!"

"येणारच," वासुदेव पाने-पकडी पिशवीत टाकत म्हणाला. "तुमचीच आहे. इतकी वर्षं आम्ही सांभाळली."