रैयाच्या दारातली टोपली

“समुद्र लाल झाला की त्यातला मासा कुणाच्याही ताटात जाऊ द्यायचा नाही,” बाबांनी मरताना झुवैनाकडून शब्द घेतला होता. आज डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय जीव माजून ओमानचा समुद्र विटकरी झाला होता, वाळूत माशांचा खच पडला होता. तिच्या भावाने, हमूदने, त्याच माशांची टोपली विधवा रैयाच्या दारात दान म्हणून ठेवली. “एवढी चांगली होती तर घरी का नाही रे आणलीस?” झुवैनाचा रोजा होता, तरी आवाज चढलाच. “अगं, समुद्रातलं मेलेलंही हलाल असतं! तू कधीपासून काझी झालीस?” “मासा हलाल असेल, विष नाही. विधवेच्या पोरांच्या जिवावर पुण्य कमावतोस, मेल्या?” तो हसत होडीकडे गेला. रोजा सोडायला शिजवलेल्या भाताचं पातेलं झुवैनाने रैयाच्या पोरांसाठी डोक्यावर घेतलं आणि रैयाची चूल पेटण्यापूर्वी टोपली परत आणायला निघाली.