गोळीचा गुण

ट्रकला मागे टाकायला दौलतरावांनी मोटरसायकल बाहेर काढली, तेव्हा समोरून एसटी येत होती. मागे बसलेल्या वैभवीनं डोळे मिटले. हॉर्न कानाला घासून गेला. तिनं डोळे उघडले तर बाप हसत होता.

हा माणूस नोकरीभर एसटीचा ड्रायव्हर होता. पातूरच्या घाटात प्रवासी कितीही चिडले तरी त्यानं कधी घाईनं गाडी पुढे काढली नव्हती. निवृत्तीनंतर कंपवातानं हात थरथरू लागले. पोळ्याच्या सुमारास अकोल्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हात थांबले. सगळ्यांना हायसं वाटलं.

मग पत्ते सुरू झाले. मेडशीच्या ढाब्यामागे दौलतराव एका डावात घरच्या दोन्ही बकऱ्या हरून आले. रंगूबाई त्या दिवशी जेवली नाही. नवऱ्याला मात्र त्याचं काहीच वाटत नव्हतं.

वैभवीला लग्नाची काळजी लागली. वाशीमच्या एका फार्मसी कॉलेजात ती संशोधन करायची, आणि तिथल्याच प्रसेनजितशी तिचं लग्न येत्या वैशाखात व्हायचं होतं. तो बौद्ध घरचा, तरी दसऱ्याला दौलतरावांनी एका दमात हो म्हटलं होतं. दिवाळीत भावकी समजावायला आली, तर दौलतरावांनी सगळ्यांना अंगणातूनच परत पाठवलं होतं. आपल्या बापासारखा बाप गावात नाही, असं तिला तेव्हा वाटलं होतं. आता तोच बाप मांडव पडेपर्यंत धड राहील की नाही, याची तिला धास्ती होती.

प्रयोगशाळेत दोघांचं काम उंदरांवर चालायचं. पिंजऱ्यात दोन कळा. एक दाबली की एक दाणा मिळायचा. दुसरी दाबली की पुष्कळ दाणे, पण मधूनच पायाला विजेचा झटका. बहुतेक माद्या झटका बसला की निमूट पहिल्या कळेकडे वळत. नर बराच काळ दुसरीचाच नाद धरत. मेंदूतल्या डोपामिनसारखं काम करणारं औषध दिलं, की काही नरांना झटक्याची फिकीरच उरत नसे.

त्या दुपारी असाच एक नर झटका खाऊन पुन्हा त्याच कळेकडे निघाला. वैभवी पाहतच राहिली. तिनं प्रसेनजितला बापाच्या गोळीचं नाव सांगितलं.

त्यानं लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काही नाही. गोळी बदला लागते. मीच नेतो त्यांले अकोल्याले."

त्यानं खरंच नेलं. "जावई, गाडी मी चालवतो," असा हट्ट दौलतरावांनी धरला, पण त्यानं किल्ली दिली नाही. काही जणांना या गोळीनं असं होतं, हे डॉक्टरांनी मान्य केलं. ती हळूहळू कमी करून दुसरी सुरू केली.

घरी वैभवीनं आईला उंदरांचं सगळं समजावून सांगितलं. रंगूबाई तूर पाखडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मादी कायले जाईन त्या झटक्याकडं? मांगं पिल्लं असतेत तिले."

नव्या गोळीनं हात पुन्हा थोडे थरथरू लागले. पण दौलतराव ढाब्याकडे फिरकेनासे झाले. माळ्यावरचं हेल्मेट त्यांनी स्वतः खाली काढलं, आणि तरीही मोटरसायकल बहुतेक वेळ उभीच राहू लागली. ओसरीवर ते गप्प बसून असत. रंगूबाईला आपला जुना माणूस परत मिळाला होता. वैभवीनं पत्रिकेचे नमुने आणले.

एका रविवारी दौलतरावांनी प्रसेनजितला घरी बोलावलं. रंगूबाईनं शिरा केला. तो आल्यावर दौलतराव उठून उभे राहिले, त्याला खुर्ची दिली. आता मांडवाचं बोलणं निघणार म्हणून वैभवी नमुने घेऊन दारातच थांबली.

दौलतरावांनी बशी दोन्ही हातांनी धरून चहा संपवला. मग ती जपून खाली ठेवली.

"तुमचे लय उपकार हायेत, साहेब," ते म्हणाले. "तुमच्यानं मी मानसात आलो."

प्रसेनजित खाली पाहत होता.

"या लग्नाले मी हो म्हनलं, तवा मी माह्या शुद्धीत नव्हतो."