असू दे, लागेल

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक पिशवी लटकते आणि तिच्यात घरातल्या सगळ्या पिशव्या कोंबलेल्या असतात. तळाच्या काही तर घडीही न मोडलेल्या, कोऱ्या. नवरा बावीस वर्षं म्हणतोय, "टाकून दे." मी म्हणते, "असू दे, लागेल कधीतरी."

त्यामुळे डॉक्टरबाईंनी "पिशवी काढायची का?" असं विचारलं, तेव्हा मी सवयीने म्हणाले, "असू दे." त्या हसल्या नाहीत. गाठी वाढल्या होत्या, रक्त आठावर आलं होतं आणि एक जिना चढायला मी दोनदा बसकण मारत होते. त्यांनी सगळे पर्याय समजावून सांगितले. गोळ्या घ्यायच्या, आत एक छोटं साधन बसवायचं, नुसत्या गाठी काढायच्या, नाहीतर मग अख्खी पिशवीच. "घाई नाही. घरी बोला," त्या म्हणाल्या.

घरी मी माझ्या वाईट खोडीप्रमाणे विनोद करतच बोलले. "खूश हो. शेवटी एक पिशवी टाकायला तयार झालेय मी. तीही कोरी."

नवरा भांडी पुसत होता. कोरडा झालेला पेला तो पुसतच राहिला. मग खाली बघून म्हणाला, "असू दे ना. लागेल कधीतरी."

मी सत्तेचाळीस, तो पन्नास. माझंच वाक्य समोरून ऐकल्यावर मला कळलं, बावीस वर्षं "टाकून दे" म्हणणाऱ्या या माणसाने स्वतःच्या हाताने एकही पिशवी का टाकली नाही.