तल्लीन

"अगं, इन्शुलिन घेणाऱ्या बाईनं सात दिवस एका जेवणावर काढायचे नसतात," असं नर्स असलेल्या जावेनं बजावलं होतं. शाल्मलीनं ते हसण्यावारी नेलं. तिचं अपुऱ्या दिवसांचं बाळ जगलं, म्हणून तर तिची आई नरसोबाच्या वाडीला मौन धरून पारायणाला बसली होती.

आज पाचवा दिवस. तिथे मोबाइल जमा करून घेतात, म्हणून तिनं मठाच्या कार्यालयात फोन लावला. सेवेकरी काका आत बघून आले.

"आई तल्लीन आहेत हो. घामानं भिजल्यात, पण प्रसादाला हाक मारली तरी डोळे उघडले नाहीत."

"काका, ती तल्लीन नाही. साखर उतरलीय तिची. आत्ता दवाखान्यात न्या."

"आसन मोडलं तर पाच दिवस वाया जातील, ताई. अध्याय संपू दे, मग बघतो."

फोन ठेवला गेला. पुन्हा कुणी उचलेना. वाडी तिच्यापासून सहा तासांवर. तिनं वाडीच्या भक्तांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं:

"वाडीत आत्ता कुणी आहे का? मठात खिडकीशी हिरव्या नऊवारीत माझी आई बसली आहे. आसन मोडल्याचं पाप माझ्या माथी घाला, पण तिला हलवून बघा."