नवे ब्रेक

लातूरच्या स्केटपार्कात पायानं ढकलायच्या स्कूटरवाली अक्षरा आणि कसरतीच्या बीएमएक्स सायकलवाला रुद्रेश उतारावरच्या पाळीवरून रोज भांडायचे. त्याच्यासारखी उडी कुणालाच जमत नाही, हे मात्र तिनं त्याला कधीच सांगितलं नाही. एका सकाळी त्याच सायकलवरून क्लासला जाताना तो ट्रकखाली गेला. महिन्याभरानं त्याचे वडील गावाहून, किल्लारीहून, त्याची दुरुस्त केलेली सायकल घेऊन पार्कात आले. तिला आता नवेकोरे ब्रेक होते, घंटीसुद्धा होती. “ब्रेकच नव्हते गं हिला. मलाच कसं दिसलं न्हाई?” ते अक्षराला म्हणाले. हँडल गरागरा फिरवताना तारा आड येतात म्हणून ब्रेक रुद्रेशनंच काढले होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अक्षरानं स्कूटर भिंतीला टेकवली आणि सायकल उतारावर चढवली. सगळ्यांनी पाळी सोडली. दोन्ही ब्रेक दाबत ती हळूहळू उतरली आणि रुद्रेशच्या वडिलांपुढे थांबली. “थांबती बघा, काका.”