निम्मी आवळलेली काडतुसं

अस्वल दाराबाहेर बसलं होतं आणि बंदूक अडकली होती.

मासे धुरवायची ती फळ्यांची खोली जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी. वर दोऱ्यांवर सॅमनच्या पट्ट्या, खाली निवलेली राख आणि मधे म्हातारा हार्लन आणि त्याचा जावई गॅरेट, कोपराला कोपर लावून. अस्वलाला मासे हवे होते, आणि हे दोघे नेमके माशांच्या बाजूला सापडले होते.

हार्लनने फटीतून एक बार अस्वलाच्या पायांपुढे मातीत काढला होता. अस्वल चार पावलं मागे सरलं, थोडा वेळ थांबलं आणि परत येऊन बसलं. दुसरा बार भरायला हार्लनने बंदुकीचा खालचा दांडा ओढला, तर तो अर्ध्यावरच रुतला.

"ओढा ना."

"मग काय गोंजारतोय का त्याला?"

गॅरेटने वाकून फटीच्या उजेडात पाहिलं. पहिल्या बाराच्या धक्क्याने, काडतुसं एकामागे एक भरायच्या खालच्या नळीतल्या एका काडतुसाची गोळी पितळी पुंगळीत खोल सरकली होती. काडतूस आखूड झालं होतं, आणि त्याच्या पाठोपाठ पुढच्याने आत घुसून रस्ता बंद केला होता.

"पुंगळीचं तोंड आवळलेलंच नाही," हार्लन म्हणाला. "गोळी नुसती ठेवलीय. हलणाऱ्या दातासारखी."

घरी काडतुसं भरताना तोंड आवळावं की नाही, या एका मुद्द्यावर सासऱ्या-जावयाने आजवर थँक्सगिव्हिंगची अकरा जेवणं नासवली होती. आवळलं की नेम बिघडतो, हे गॅरेटचं म्हणणं. माझ्या बंदुकीत काडतुसं एकामागे एक रेटून बसतात, तिथे न आवळणं म्हणजे आपणहून मरण मागणं, हे हार्लनचं. चाळीस वर्षांत त्याने एकही काडतूस न आवळता सोडलं नव्हतं.

बाहेरून पंजा घासला गेला. खालची फळी करकरली.

"खिशातली डबी काढ माझ्या," हार्लन म्हणाला. "पाहू दे बाकीची."

गॅरेटने डबी काढली. झाकणावर चिठ्ठी चिकटवलेली होती, हार्लनच्या ठसठशीत अक्षरात: ४ सप्टेंबर. सर्व आवळली. खाली सही.

त्याने काडतुसांच्या तोंडांवरून नख फिरवलं. पहिली रांग पक्की आवळलेली. दुसऱ्या रांगेतली पहिली तीनही. चौथ्यापासून सगळी गुळगुळीत. मधेच कुणी कॉफी आणायला उठावं, परत येऊन काडतुसं भरायच्या यंत्रावर झाकण टाकावं आणि चिठ्ठी लिहून मोकळं व्हावं, तसं.

यासाठीच बायकोने, लिनेटने, गॅरेटला नदीतून एवढ्या वर पाठवलं होतं. बाबा यंदाचा हिवाळा एकटे काढू शकतील का, एवढंच बघून ये, म्हणाली होती. आता उत्तर हातात होतं, आणि त्याला ते नको होतं.

"काय लिहिलंय वर?" हार्लनने विचारलं. चष्मा घरी राहिला होता.

गॅरेटने अंगठ्याने चिठ्ठी खरवडून काढली आणि मुठीत धरली.

"काही नाही. ही डबी माझी आहे. सकाळी अदलाबदल झाली वाटतं."

"तुझी? माझ्या बंदुकीची काडतुसं तू कधीपासून भरायला लागलास?"

"निम्मी आवळली, निम्मी तशीच ठेवली. कुठली नेमावर लागतात ते तुम्हाला दाखवायचं होतं."

"अरे गाढवा!" म्हातारा कडाडला. बाहेरचं अस्वलसुद्धा क्षणभर घासायचं थांबलं. "वा जावईबापू! नेम दाखवायला निघालात! अस्वलाच्या पोटातून दाखवणार होतास का?"

तो बराच वेळ बोलत राहिला. बोलता बोलता त्याचे हात चालू होते. चाकूच्या टोकाने त्याने मागचं काडतूस नळीत परत ढकललं आणि आखूड झालेलं चिमटीत धरून उपसलं. हातांना सगळं आठवत होतं. गॅरेट निमूटपणे शिव्या खात उभा राहिला. इतकं बरं त्याला त्या माणसाच्या शिव्यांनी कधी वाटलं नव्हतं.

"दे. आवळलेलं एक."

दांडा सरळ बसला. हार्लनने फटीतून दाराबाहेरच्या पत्र्याच्या बादलीवर नेम धरला. बार आणि बादलीचा खणखणाट एकदमच झाला. अस्वल उठलं ते झुडपं मोडत नदीच्या बाजूला पळालं. फांद्या मोडल्याचे आवाज लांब जाईपर्यंत दोघं ऐकत राहिले.

गॅरेटने दाराची खुंटी काढली. हार्लन मात्र उलट्या खोक्यावर बसला.

"डबी दे इकडे."

त्याने झाकणावरून बोट फिरवलं. एका जागी ते चिकटलं. त्याने परत फिरवलं, परत चिकटलं. मग त्याने गॅरेटच्या मिटलेल्या मुठीकडे पाहिलं. गॅरेटने मूठ खिशात घातली.

"लिनेटला काय सांगणार?"

"मी गाढवपणा केला म्हणून."

"पटेल तिला." हार्लन हसला नाही. दार उघडं होतं, उजेड पायांपर्यंत आला होता, तरी तो बसूनच होता. "माझं यंत्र घेऊन जा तू. चार बोल्ट आहेत टेबलाला. डावीकडचा गंजलाय, तो मी काढून देतो."

"कशाला? इथे तुम्हाला लागेल."

"तुला सरावाची गरज आहे."

थाप गॅरेटची होती, आणि ती आता दोन्ही बाजूंनी घट्ट बसली होती.

म्हाताऱ्याने डबी बंद करून त्याच्या हातात दिली.

"माझीपण यापुढे तूच भर," तो म्हणाला. "आवळून. सगळी."