डावी बाजू

पोहता पोहता मायलीनचं डोकं बांबूवर आपटलं. मासेमारीच्या होड्यांना तोल सांभाळायला दोन्ही बाजूंनी बांबू बांधलेले असतात, त्यातला एक. तिने तो धरला आणि खोकत वर पाहिलं.

"काय इंदाय, काय गं पोरी, पलीकडच्या मिंदानाव बेटाला निघालीस का?" होडीतला कोळी नोय इस्को जाळं आवरत म्हणाला. "अगं, तिकडे जायला बोट असते. बसून जाता येतं."

महिन्याभरात त्याच्या होडीवर धडकायची ही तिसरी खेप. निघायचं धक्क्यावरून, किनाऱ्याला धरून सूर्याच्या दिशेने चॅपलपर्यंत पोहायचं आणि तिथून रस्त्याने पळत घरी यायचं, असा तिचा बेत. कमरेला दोरीने बांधलेली हवा भरलेली नारिंगी पिशवी मागून तरंगत यायची. त्यातच बूट. बेत चोख होता, पण पोहताना ती नेमकी उजवीकडे, खोल समुद्रात भरकटत जायची.

कारण तिला ठाऊक होतं. अकरा वर्षं तिचा नवरा जोमार तिच्या उजवीकडून पोहला होता. मनिलाच्या तलावात एकाच पट्ट्यात दोघं. ती उजवीकडे तोंड करून श्वास घ्यायची, तो डावीकडे. दर दोन हातांनी तोंडाला तोंड. तो पाण्यातसुद्धा वेडावून दाखवायचा आणि हसता हसता तिच्या नाकात पाणी जायचं. पोहणं, सायकल, पळणं, तिन्ही मिळून एक शर्यत. अशा नऊ शर्यती दोघांनी बरोबर केल्या. दहाव्या शर्यतीच्या सरावाला तो एकटाच सायकल घेऊन बाहेर पडला, कारण त्या सकाळी मायलीनला कामावर जायचं होतं. एका ट्रकने त्याला उडवलं. ट्रकवाला थांबलासुद्धा नाही.

जोमारला त्याच्या गावी, सिकिहोर बेटावर पुरलं. सहा महिन्यांपूर्वी मायलीनही मनिलातलं घर मोडून इथे आली, सासूच्या सोबतीला. निदान लोकांना तरी तसंच सांगितलं. खरं म्हणजे जोमारच्या जवळ राहायचं होतं. पण बेटावर तो कुठेच सापडेना. मग तिने पुन्हा सराव सुरू केला. सायकल अजून खोक्यातच होती, तिला हात लावायचा धीर होईना. पण पोहायला आणि पळायला लागली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. पाण्यात तोंड उजवीकडेच वळायचं, आणि तिथे नुसतं पाणी असायचं.

सासूला, नानाय त्रिनिंगला, हे बघवत नव्हतं.

"एक माणूस गिळलं, तरी या खेळाचं पोट भरलं नाही का?" पहिल्याच दिवशी नानायने विचारलं होतं. नंतर ती बोलायची बंद झाली. मायलीन पहाटे निघाली की ती पाठ फिरवून चूल फुंकत बसे. दमून घरी यावं, तर म्हातारी पाय पसरून बसलेली. "पाय ठणकतायत, तेल चोळ." मायलीन मुकाट्याने चोळायची. सुनेने घरात बसावं म्हणून चाललेली ही नाटकं, असं तिला वाटे. आणि त्या न बोलण्यात एकच प्रश्न तिला ऐकू यायचा: त्या दिवशी तू कुठे होतीस?

काल रात्री जेवताना तिने सांगून टाकलं होतं, शनिवारच्या बोटीने मनिलाला परत जाते म्हणून. नानायने ताटातली माशाची चांगली बाजू तिच्याकडे सरकवली. राहा म्हणाली नाही.

"नोय, आजचं शेवटचं," मायलीन बांबूला धरून म्हणाली. "शनिवारी जाते मी. माझं कोण आहे इथे?"

नोय इस्कोने जाळं खाली ठेवलं.

"तुला श्वास घ्यायला एकच बाजू दिलीय का गं देवाने?"

"सवय आहे."

"सवयीला घाल चुलीत. जाण्याआधी एकदा डावीकडे तोंड काढून बघ."

दिशा चुकू नये म्हणून सांगत असेल, असं वाटून ती निघाली. पहिल्यांदा डावीकडे वळली तेव्हा तोंडात पाणीच आलं. दुसऱ्यांदा आकाश दिसलं. मान आखडली, पाय बुडायला लागले. शिकाऊ पोरीसारखी धडपडत तिने तिसऱ्यांदा तोंड वळवलं, आणि किनारा दिसला.

वाळूवरून कोणीतरी चालत होतं. परकर गुडघ्यापर्यंत खोचलेला, चपला हातात, मान समुद्राकडे. पाय जरा ओढत, पण न थांबता.

मायलीन थांबली. ती बाईही थांबली. तिने कपाळावर हात धरला आणि नारिंगी पिशवीकडे डोळे ताणून पाहिलं. मायलीनने चार हात मारले. बाई चार पावलं चालली.

"नानाय?" मायलीन म्हणाली.

होडी वल्हवत नोय इस्को शेजारी आला होता.

"तुला सांगायचं नाही अशी शपथ घातलीय मला तिने. पहिल्या दिवसापासून येते, धक्क्यापासून चॅपलपर्यंत, आणि तू पाण्यातून बाहेर यायच्या आत रिक्षाने घरी. मी म्हटलं, 'अगं त्रिनिंग, तुला पोहता येत नाही, ती बुडायला लागली तर तू काय करणार?' तर म्हणाली, 'काही नाही करता येणार. पण माझा पोरगा गेला तेव्हा त्याच्याजवळ कोणी नव्हतं. हिच्याजवळ मी आहे.'"